रॉयल ओकसारखे घड्याळ घरी घडवताना आलेल्या अडचणी

टूलरूम_भोसरी

नमस्कार मंडळी. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली २२ वर्षे काम करतो. डाय, जिग आणि गेज बनवणे हे माझे रोजचे काम आहे; घड्याळांचा नाद मात्र अलीकडचा. तीन वर्षांपूर्वी एका परिचितांच्या मनगटावर ऑदेमार पिगे या स्विस कंपनीचे रॉयल ओक पाहायला मिळाले आणि त्यांनी ते विश्वासाने काढून पाच मिनिटे माझ्या हातात दिले. त्यात ना सोने नजरेत भरत होते ना हिरे. साध्या पोलादाचे घड्याळ, पण अष्टकोनी बेझलची (काचेभोवतीच्या कडीची) वरची बाजू बारीक उभ्या रेघांची आणि मंद, तिच्या कडेची तिरकी पट्टी आरशासारखी लख्ख, आणि या दोहोंच्या मधली धार इतकी सरळ की ती पाहताना मला स्वतःच्या सरफेस प्लेटची (सपाटपणा तपासायच्या अचूक पाटाची) आठवण झाली.

हे घड्याळ जेराल्ड जेंटा यांनी आखले आणि १९७२ मध्ये ते बाझेलच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आले, एवढे वाचले आहे. मूळ घड्याळ ३९ मिमीचे, जाडी सुमारे ७ मिमी आणि आतले मशीन अवघे ३.०५ मिमी जाडीचे. ते विकत घेणे माझ्या आवाक्यात नाही आणि बाजारात मिळणारे बनावट घड्याळ मला नको. मला त्याची केस, बेझल आणि तबकडी माझ्या हाताने घडवून पाहायची आहे, कारण ती धार कशी येते हे करून पाहिल्याशिवाय मला कळणार नाही.

पहिला प्रयत्न ५ मिमी जाडीच्या पितळेवर केला. समोरासमोरच्या बाजूंमध्ये ३६ मिमी अंतर धरले, म्हणजे प्रत्येक बाजू १४.९१ मिमी यायला हवी होती. मार्किंग ब्लू लावून डिव्हायडरने आखणी केली, सेंटर पंच मारले आणि कानशीने बाजू उतरवल्या. पाच बाजू बरोबर आल्या, दोन १४.७ आल्या आणि एक १५.२ वर जाऊन बसली. आकडा लहान वाटतो, पण घड्याळ हातभर अंतरावर धरले तरी ती एक बाजू डोळ्याला खुपते. स्क्रूंची आठ भोकेही ३३ मिमीच्या वर्तुळावर नीट बसली नाहीत. शेवटी चमक आणावी म्हणून बफ लावला आणि होती नव्हती ती धारही गोल होऊन गेली.

घरी माझ्याकडे एक लहान लेथ, बेंच ड्रिल, व्हाइस आणि कानशींचा संच आहे. मिलिंग मशीन किंवा डिव्हायडिंग हेड (काम नेमक्या अंशांनी फिरवणारे साधन) नाही, आणि कारखान्याचे मशीन खासगी कामाला वापरायचे नाही असा माझा नियम आहे. अशा साधनांत अष्टकोन अचूक कसा आणावा? तबकडीवरची बारीक चौकटींची नक्षी हाताने जमते का? घड्याळाच्या आतले मशीन म्हणून सैकोचे एनएच ३५ आणून ठेवले आहे, ते योग्य आहे का? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त सतावतो: मित्र म्हणतात की प्रतिकृती करायची तर तबकडीवर मूळ नावही हवे. माझे मन धजत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

फिटर_इचलकरंजी

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. चूक कुठे झाली हे आपणच लिहिले आहे: आखणी. डिव्हायडरचे टोक, पंच आणि ड्रिल या तिन्हींची चूक एकावर एक चढत जाते. अष्टकोन आखायचा नाही, तो बसवायचा.

जुन्या टूलरूममधली एक पद्धत सांगतो. १२ मिमीच्या आठ ग्राइंड केलेल्या डोवेल पिना (अचूक मापाच्या पोलादी खुंट्या) घ्या. लेथवर १९.३६ मिमी व्यासाचा एक मधला खुंट वळा. त्याच्याभोवती आठही पिना उभ्या लावल्या की प्रत्येक पिन शेजारणीला आणि खुंटाला टेकते आणि आपोआप ४५ अंशांची विभागणी होते. शेवटची पिन आत शिरत नसेल तर खुंट लहान झाला आहे, आणि फट राहत असेल तर तो शतांश मिलिमीटरने मोठा आहे, तेवढाच उतरवा. बाहेरून एक पोलादी कडी घट्ट बसवा, पण ती पिनांच्या निम्म्या उंचीपर्यंतच ठेवा. वरच्या अर्ध्या भागात दोन पिनांमधली खाच उघडी राहते, तिच्यात स्प्रिंगवरचा टोकदार खटका बसतो. ही झाली आपली घरची डिव्हायडिंग प्लेट. लेथच्या स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला ती पक्की केली की काम हवे तिथे अडवून धरता येते. डोवेल पिना कारखान्यातच मायक्रॉनमध्ये घासलेल्या असतात, त्यामुळे अचूकता आपल्याला विकत मिळते. आपल्याला फक्त एक खुंट नीट वळायचा आहे.

आता बाजू. ३६ मिमीच्या अष्टकोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर ३८.९७ मिमी येते, म्हणून चकती ३९ मिमीची वळा आणि मधले भोक त्याच पकडीत बोअर करा, म्हणजे भोक आणि बाजू एककेंद्री राहतील. त्यानंतर कानस मोकळ्या हाताने चालवू नका. घड्याळाचे कारागीर पूर्वीपासून लेथवर फायलिंग रेस्ट वापरतात: कामाच्या दोन्ही बाजूंना एकेक कडक पोलादी रोलर, आणि कानस त्या दोन रोलरांवरून पुढे सरकते. रोलरांची वरची पातळी स्पिंडलच्या मध्यापासून बरोबर १८ मिमी ठेवा. कानस रोलरांना टेकली की कापणे थांबते. मग खटका उचला, एक खाच पुढे जा, पुढची बाजू. आठही बाजू एका पातळीला येतात आणि हाताच्या थरथरीचा प्रश्नच उरत नाही. याच पकडीत टूल पोस्टवर (हत्यार धरायच्या खांबावर) एक छोटे ड्रिल बांधून स्क्रूंची भोके पाडा. ३३ मिमीच्या वर्तुळावर शेजारच्या दोन भोकांचे अंतर १२.६३ मिमी मिळाले पाहिजे. एक लक्षात ठेवा: भोके अष्टकोनाच्या कोपऱ्यांकडे येतात आणि बारा वाजण्याच्या ठिकाणी सपाट बाजू असते. म्हणून आधी भोके, मग अर्ध्या खाचेने, म्हणजे २२.५ अंशांनी, काम फिरवून बाजू.

स्क्रूंबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. मूळ घड्याळात वरून दिसणारे स्क्रू फिरतच नाहीत. त्यांचे डोके षटकोनी असून ते बेझलमधल्या षटकोनी खाचेत बसते, दांडा बेझल, रबरी गॅस्केट आणि केस यांतून आरपार जातो आणि आवळणी मागच्या बाजूने होते. म्हणून तर आठही चिरा वर्तुळाच्या रेषेत कायम राहतात; फिरणाऱ्या स्क्रूने असे करून दाखवणे फार अवघड आहे. घरी षटकोनी खाच पाडणे पितळेत जमते, स्टेनलेसमध्ये हाल होतात. पहिल्या घड्याळात गोल डोके घेऊन त्याची एक बाजू सपाट करा आणि खाचही तशीच करा. तत्त्व तेच राहते.

आणि धार. मऊ बफ कधीही लावू नका, तो कोपऱ्यावरून वाकतो आणि कोपरा खातो. तिरकी पट्टी आधी कडक लाकडाच्या सपाट पट्टीवर हिऱ्याची पेस्ट लावून चमकवा. वरची बाजू सर्वांत शेवटी: जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, बाजूला एक सरळ पट्टी टेकवा, बेझल पालथे ठेवा आणि एकाच दिशेने ओढा. मागे नेताना उचला. सपाट काच तिरक्या पट्टीला शिवतही नाही, उलट प्रत्येक ओढीला धार आणखी तीक्ष्ण होत जाते. दहा-बारा ओढी पुरतात. मोह आवरून थांबायला हवे.

धातू म्हणाल तर दोन बेझल पितळेत करा आणि तिसरे ३१६ एल स्टेनलेसमध्ये. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसते, ३१६ एल मध्ये २ ते ३ टक्के असते, त्यामुळे घामाला ते जास्त टिकते. ड्रिल कोबाल्टचे घ्या, वेग कमी ठेवा आणि दाब सोडू नका, नाहीतर भोकाच्या तळाशी धातू कडक होतो आणि पुढे ड्रिल नुसते घासत राहते. मूळ घड्याळाचे पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात केले होते, कारण पोलादापेक्षा ते कापायला सोपे होते. तेव्हा आपण पितळेपासून सुरुवात केली यात काहीच कमीपणा नाही.

चांदीकाम_हुपरी

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचे काम चालते. मी खोदकाम करते, म्हणून तबकडीबद्दल लिहिते.

मूळ नक्षी मोकळ्या हाताने खोदलेली नसते. यंत्रावर एक मोठी नमुना-चकती फिरते, तिच्यावरून एक बोट सरकते आणि तीच हालचाल लहान प्रमाणात होऊन कापणारे टोक तबकडीवर उतरवत जाते. घरी हे यंत्र नाही, पण चौकटी सरळ रेघांच्याच आहेत, तेव्हा लेथला शेपरसारखे वापरता येईल. ०.६ मिमी जाडीचा पितळी पत्रा जाड सपाट पितळेवर लाखेने चिकटवा. आम्ही दागिना खोदताना लाखेतच बसवतो. डबल टेपपेक्षा तिची पकड कितीतरी चांगली. ते जाड पितळ क्रॉस स्लाइडवर (आडव्या सरकत्या पाटावर) सपाट आवळा, टोकदार हत्यार चकमध्ये खाली तोंड करून धरा, स्पिंडल अडवून ठेवा आणि कॅरेज (लेथवरून सरकणारा गाडा) हाताने पुढे-मागे ढकलून रेघ कापा. प्रत्येक रेघेनंतर क्रॉस स्लाइड ०.६ मिमी सरकवायची. तबकडी २९ मिमीची असेल तर एका दिशेला ४८ रेघा होतात; मग ९० अंश फिरवून पुन्हा ४८.

खोली ०.०८ मिमीच्या पुढे नेऊ नका आणि ती एका झटक्यात न घेता दोनदा घ्या. दुसऱ्या दिशेच्या रेघा कापताना प्रत्येक छेदावर बारीक काटा उठतो, तो नखाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. मी माझ्या पहिल्या पट्टीवर तो काढायला पॉलिश पेपर फिरवला आणि सगळ्या चौकटींची टोके बोथट झाली. काटा काढायला पितळी तारांचा मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. आणखी एक: स्लाइड नेहमी एकाच दिशेने सरकवा. चुकून पुढे गेलात तर पूर्ण एक फेरा मागे येऊन पुन्हा पुढे या, नाहीतर स्क्रूच्या ढिलाईमुळे एक ओळ अरुंद पडते आणि ९६ रेघांत तीच एक दिसते.

रंगासाठी जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची रीत घरी करता येते. सिल्व्हर क्लोराइड, मीठ आणि टार्टारची पूड यांचा लगदा ओल्या कापडाने स्वच्छ पितळेवर चोळला की पांढुरकी, मंद चांदी चढते. बोट लागता कामा नये, बोटाचा तेलकट ठसा तसाच पिवळा राहतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून लगेच लॅकरचा पातळ हात द्या, कारण चांदी काळी पडते. मूळची गडद निळी छटा या रीतीने येणार नाही. मला विचाराल तर चांदीरी तबकडीवर निळे काटे जास्त शोभतील. पोलादी काटे पितळेच्या किसावर ठेवून खालून स्पिरिटच्या दिव्याने तापवा: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंश सेल्सियसच्या सुमारास निळा. जांभळा रंग सरकू लागला की चिमटा हातात तयार हवा.

घड्याळजी_सांगली

मशीनबद्दल थोडक्यात. एनएच ३५ चे मशीन टिकाऊ आहे, २७.४ मिमी व्यास आणि ५.३२ मिमी जाडी. त्यावर तबकडी, तीन काटे, काच आणि खालचे झाकण धरले की घड्याळ ११ मिमीच्या आसपास जाते. ३९ मिमीच्या अष्टकोनाला ती जाडी शोभत नाही, ठोकळ्यासारखे दिसते. मियोटाचे ९०१५ घेतले तर मशीनची जाडी ३.९ मिमीवर येते. हाताने चावी द्यायचे चालत असेल तर ईटीएचे ७००१ आहे, २.५ मिमी जाडी आणि २३.३ मिमी व्यास, पण ते महाग पडते आणि त्यात सेकंदकाटा सहाच्या वर वेगळ्या लहान वर्तुळात असतो. माझा सल्ला: पहिल्या घड्याळात हाताशी असलेले एनएच ३५ च घाला आणि केस ४१ मिमीची करा.

एका जागी मात्र तडजोड नको. मशीन ज्या पायरीवर बसते तिथपासून चावीच्या दांड्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून मगच केसला चावीचे भोक पाडा. माझ्याकडे हौशी लोकांनी बनवलेल्या केसेस येतात, त्यांत निम्म्यांचा दोष हाच असतो. भोक ०.१ मिमी वर-खाली झाले तरी दांडा वाकून चालतो, वेळ लावताना चावी जड लागते आणि काही महिन्यांत दांडा तुटतो.

मनगटी_ठाणे

नावाबद्दल माझे मत वेगळे आहे. विकायचे नाही, कुणाला फसवायचे नाही, घड्याळ स्वतःच्याच हातात राहणार. मग मूळ नाव घातल्याने कुणाचे नुकसान होते? नावाशिवायची प्रतिकृती मला अपुरी वाटते.

बील_निवासी

मी गेली नऊ वर्षे स्वित्झर्लंडमध्ये बील येथे राहतो. घड्याळ उद्योगात नाही, पण इथे शेजारीपाजारी त्याच कामातले आहेत आणि त्यामुळे हा विषय सतत कानावर असतो. ठाणेकरांच्या मताशी मी सहमत नाही, आणि कारण देतो.

घड्याळ माणसापेक्षा जास्त जगते. आपण विकणार नाही, हे खरे. पण आपल्यानंतर ते कपाटात सापडेल तेव्हा त्याच्यासोबत आपला हेतू लिहिलेला नसेल, फक्त तबकडीवरचे नाव असेल. ज्याला ते मिळेल तो ते खरे समजून कुणाला तरी देईल. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात खोटे चिन्ह लावणे हा कलम १०३ प्रमाणे गुन्हा आहे: सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड. हौशी माणसावर कुणी खटला भरेल असे मी म्हणत नाही. पण ज्या कामात २२ वर्षांचा हात ओतला आहे त्यावर शंकेची सावली का पाडून घ्यावी?

बनावट नावाचे दुखणे फार जुने आहे. पॅरिसचे घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १७७५ मध्ये आपली पेढी सुरू केली आणि त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाची खोटी घड्याळे इतकी निघाली की १७९५ च्या सुमारास ते तबकडीवर एक गुप्त सही कोरू लागले. ती इतकी बारीक असते की समोरून पाहिल्यास दिसत नाही; तबकडी प्रकाशात तिरकी धरली की मगच उमटते.

त्याच ब्रेगे यांना गुरुस्थानी मानणारे इंग्रज कारागीर जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) यांनी घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने बनवला. त्यांनी शोधलेली कोअॅक्सियल एस्केपमेंट (घड्याळाची गती टप्प्याटप्प्याने सोडणारी रचना) ओमेगाने १९९९ पासून आपल्या घड्याळांत वापरली. त्यांच्या तबकड्या पाहिल्या की ब्रेगेची नक्षी, ब्रेगेची मांडणी लगेच ओळखू येते, आणि नाव मात्र डॅनियल्स असते. गुरूकडून आकार घ्यावा, रीत घ्यावी, सही घेऊ नये, असे मला त्यातून वाटते. आपण बारा वाजण्याच्या खाली आपल्या गावाचे नाव देवनागरीत कोरा. ते घड्याळ जगात एकच असेल.

टूलरूम_भोसरी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

खुंट पहिल्यांदा १९.३८ झाला, आठवी पिन बसली पण बोटाने हलत होती. दोन शतांश उतरवल्यावर ती हलकेच ठोकून आत गेली आणि आठही पिना एकसंध झाल्या. तो आवाज मला अजून आठवतो. फायलिंग रेस्टचे रोलर जुन्या बेअरिंगच्या सुयांचे केले. दुसरे पितळी बेझल काल पुरे झाले: आठही बाजू १४.९० ते १४.९२ च्या आत आहेत. काचेवरच्या ओढी मोजून बारा घेतल्या आणि थांबलो. धार आली आहे. खिडकीपाशी धरून थोडे फिरवले की उजेड तिरक्या पट्टीवरून एकदम विझतो आणि वरच्या रेघांवर सरकतो. त्या दिवशी त्या घड्याळात हेच पाहिले होते.

सांगलीकरांचे ऐकून केस ४१ मिमीची करतो आहे. चावीच्या भोकाची उंची मोजायला मशीनच्या पायरीसाठी वेगळा गेज बनवला आहे. तबकडीचा पहिला पत्रा ३१ व्या रेघेला वाया गेला, स्लाइड उलट फिरली; हुपरीच्या ताईंनी बजावले होते तेच झाले. दुसरा आज रात्री लाखेवर चढवतो.

नावाचे मात्र ठरले. बाराच्या खाली "भोसरी" एवढीच तीन अक्षरे येतील आणि मागच्या झाकणावर साल. ताई, शिरोरेघ अडीच मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत तुटू नये म्हणून हत्याराचे टोक किती अंशांचे घ्यावे, एवढे कृपया सांगा.

चांदीकाम_हुपरी

९० अंशांचे घ्या. शिरोरेघ आधी एका सलग रेघेत कोरा, डावीकडून उजवीकडे, आणि तबकडी लाखेसकट फिरवत न्या, हात फिरवू नका. अक्षरांचे दांडे त्या रेघेपासून खाली सुरू करायचे. खालून वर नेले तर टोक शिरोरेघेच्या बाहेर निसटते. "स"च्या दोन भागांना जोडणारी मधली रेघ सगळ्यांत शेवटी. आधी याच पत्र्याच्या तुकड्यावर वीस वेळा तरी गिरवा आणि विसाव्याचा फोटो इथे टाका.